धुरा, चाकोरी आणि दीड इंच

रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेले ट्रॅक्टर पांदणीवर उतरले, की करडीच्या शिवारातली वाट दिवाळीपर्यंत दोन खोल चाकोऱ्यांची होऊन जाते. मधे राहतो मातीचा उंचवटा, वर गवत. पाऊस थांबतो, कन्हार माती वाळते आणि तो उंचवटा विटेसारखा टणक होतो. मग धान कापणीच्या वेळी जीप, बोलेरो किंवा थार घेऊन शेतावर निघालेल्या माणसाला खालून ‘खर्रर्र’ आवाज ऐकू येतो. तिथूनच पुढचा प्रश्न निघतो, “भाऊ, गाडी दोन इंच उंच करून घ्याची हाये, कोनतं किट घेऊ?”

मोहाडीहून वैनगंगेपलीकडे असलेल्या या भागात हा प्रश्न हौसेचा नाही. इकडे धानाच्या बांध्या, तिकडे मालगुजारी तलाव, बोड्या आणि नाले, बाजूला कोक्याचं जंगल. पक्की सडक सोडली की गाडीच्या पोटाची परीक्षा सुरू होते. पण किट कोणतं, हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की तुमच्या गाडीचं नेमकं काय घासतं? त्याचं उत्तर न शोधता हजारो रुपये घालून गाडी उंच केली, तर ती उंच दिसेल आणि त्याच ठिकाणी पुन्हा घासेल.

आधी गेरू, मग गॅरेज

उन्हाळ्यात वाट कोरडी असताना एक सकाळ या कामासाठी काढा. गाडी धुऊन घ्या. पाण्यात कालवलेला गेरू ब्रशने गाडीखाली लावा. मागच्या अॅक्सलचा गोळा म्हणजे डिफरन्शियल, पुढचा अॅक्सल, गिअरबॉक्सखालची पट्टी, डिझेलची टाकी, सायलेन्सर, पायदान, दोन्ही बंपरच्या खालच्या कडा, सगळीकडे. गेरू वाळला की नेहमीच्या वाटेने, नेहमीचा भार घेऊन, हळूहळू जाऊन या. परत आल्यावर गाडीखाली झोपून पाहा. जिथला गेरू खरवडला गेला, तिथे तुमची अडचण आहे.

आपल्या भागात अडथळे मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला धुरा. बांधी ओलांडताना पुढची चाकं चढून उतरतात, मागची अजून चढायची असतात आणि गाडीचं पोट धुऱ्यावर टेकतं. दुसरी चाकोरी. चारही चाकं खोल जातात आणि मधला उंचवटा अॅक्सलच्या गोळ्याला लागतो. दोन्ही वेळा आवाज सारखाच येतो, पण दोघांवरचा उपाय वेगळा आहे.

सस्पेन्शनची लिफ्ट म्हणजे चेसिस आणि अॅक्सल यांच्यातलं अंतर वाढवणं. चेसिस वर जाते, तिच्यावर बसवलेलं सगळं वर जातं. म्हणून धुऱ्यावर टेकणाऱ्या पोटाला लिफ्टचा खरा उपयोग होतो. पण अखंड अॅक्सल मात्र चाकांना जखडलेला असतो. चाक जमिनीवर आहे तोवर गोळ्याची उंची चाकाच्या त्रिज्येवर ठरते. तुम्ही चार इंच लिफ्ट केली तरी तो केसभरही वर येत नाही. जिप्सी, जिम्नी, जुनी जीप यांचे दोन्ही अॅक्सल अखंड आहेत. नव्या थारचा पुढचा डिफरन्शियल चेसिसला बसवलेला असल्याने लिफ्टबरोबर वर जातो, मागचा जात नाही. बोलेरोचाही मागचा अॅक्सल अखंडच.

चाकोरीतल्या उंचवट्यावरून गोळा वर उचलायचा उपाय एकच, मोठा टायर. तोही निम्माच लागू पडतो, कारण टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या अर्धाच गोळा वर येतो. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७३३ होतो. म्हणजे ४० मिलिमीटरचा फरक पडून गोळा २० मिलिमीटर वर येतो. हे वीस मिलिमीटर फुकट मिळत नाहीत. चाक जड होतं, ओढ कमी होते, ब्रेकवर ताण वाढतो आणि स्पीडोमीटर सुमारे सहा टक्के कमी दाखवतो. काटा ६० वर असताना गाडी साडेत्रेसष्टने धावत असते. शिवाय स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला किंवा आतल्या आर्मला घासतो का, तेही पाहावं लागतं.

म्हणून गेरू फक्त गोळ्यावरून गेला असेल तर लिफ्टचा विचार बाजूला ठेवा. एक चाक उंचवट्यावर आणि दुसरं चाकोरीबाहेर ठेवून चालवायला शिका, टायर बदला, गोळ्याखाली जाड पत्र्याचं संरक्षण बसवा. गेरू पोटावरून, टाकीवरून किंवा पायदानावरून गेला असेल, तरच पुढचं वाचून गॅरेजला जा.

किती उंच?

माझं उत्तर स्पष्ट आहे. शेत, पांदण, नाला आणि रोजची सडक एकाच गाडीने करणाऱ्याला ४० मिलिमीटर, म्हणजे साधारण दीड इंच, पुरे. त्यापुढे गेलात की गाडीचा एकेक भाग मूळ मापाबाहेर काम करू लागतो आणि एका दुरुस्तीमागून दुसरी येत राहते.

दीड इंच ऐकायला थोडा वाटतो. पण जिम्नीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २५९० मिलिमीटर आहे. त्या लांबीवर पोट ४० मिलिमीटर वर गेलं की धुरा ओलांडण्याचा कोन सुमारे साडेतीन अंशांनी वाढतो. कंपनीने हा कोन २४ अंश सांगितलेला आहे, त्यात साडेतीनची भर मोठी आहे. जिम्नीची जमिनीपासूनची उंची मुळात २१० मिलिमीटर, थारची २२६. या गाड्या बुटक्या नाहीत. त्यांना थोडा हात दिला की काम होतं.

याच्या विरुद्ध पारडंही पाहा. गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य उंच होतो. उदाहरणासाठी धरा, की डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटरवर. तो ७४० वर गेला, की कलंडण्याला असलेला गाडीचा विरोध पाच टक्क्यांहून जास्त घटतो. तीन-चार इंच लिफ्ट केली तर ही घट साधारण दुप्पट होते. तलावाच्या पाळीवर गाडी एका अंगाला कललेली असते. राष्ट्रीय महामार्गावर समोर अचानक गुरं येतात. त्या क्षणी हे टक्के घरातल्या माणसांच्या जिवाशी येतात.

अजून एक माप घरातच घ्या. म्हातारी आई गाडीत बसते ना? तिचा पाय पायदानावर आज कसा पोचतो ते पाहा. त्यात दीड इंच वाढवून पाहा, मग तीन इंच.

वजनकाट्यावर जा

किट विकणारा पहिल्यांदा इंच विचारतो. त्याने किलो विचारायला हवेत. स्प्रिंग भारासाठी बनवलेली असते, उंची हा त्या भाराखाली उरणारा परिणाम. एकच स्प्रिंग रिकाम्या गाडीला अडीच इंच उचलेल आणि भरलेल्या गाडीला एकच इंच.

जवळच्या राईस मिलच्या वजनकाट्यावर गाडी न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या, मग फक्त मागची. हे दोनदा करा. एकदा रिकामी गाडी आणि एकटा चालक. दुसऱ्यांदा तुमचा नेहमीचा भार, म्हणजे माणसं, डिझेल, अवजारं, खताच्या पिशव्या, धानाचे कट्टे. एक कट्टा ४० किलोचा, पाच कट्टे म्हणजे २०० किलो आणि ते सगळे मागच्या अॅक्सलवर. हे चार आकडे कागदावर लिहून दुकानात जा. ते पाहून दुकानदार त्याच्याकडची यादी उघडून कोणती स्प्रिंग कोणत्या भारासाठी ते सांगू लागला, तर तो जाणकार. त्याने आकड्यांकडे न पाहताच किट पुढे सरकवलं, तर दुसरं दुकान शोधा.

भार कायमचा आहे की कधीमधी, हेही ठरवा. लोखंडी बंपर आणि विंच लावली असेल तर दोन-अडीच कट्ट्यांचं वजन कायमचं गाडीच्या नाकावर बसलं आहे. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून चाकापाशी मिलिमीटरला चार किलो पेलत असतील, तर १०० किलोने नाक २५ मिलिमीटर खाली जातं. म्हणजे ४० मिलिमीटरची लिफ्ट लावूनही हातात १५ उरले. अशा गाडीला पुढे जास्त भाराची स्प्रिंग लागते. पण भार वर्षातून पंधरा दिवसच असेल आणि एरवी दोन माणसंच फिरत असतील, तर जड स्प्रिंग घेऊ नका. मी स्वतः जुन्या जीपला मागे जादा पाटा चढवून ही चूक केली होती. धान भरल्यावर जीप छान बसायची, पण वर्षातले बाकीचे दिवस रिकामी जीप प्रत्येक खड्ड्यावर मागून उडायची. उडणारं चाक रस्ता सोडतं आणि रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेक नसतो. शेवटी तो पाटा काढला.

शॉकअप वेगळा विषय नाही

स्प्रिंग गाडी उचलते, शॉकअप तिला आवरतो. चाकाला वर जायला आणि खाली लटकायला ठरावीक जागा असते. समजा दोन्हीकडे १०० मिलिमीटर. स्प्रिंगवर चकती, म्हणजे स्पेसर, ठेवून गाडी ४० ने उचलली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर चाकाला खाली लटकायला ६० च उरतात. धुरा ओलांडताना ते चाक लवकर हवेत जातं, शॉकअप पूर्ण ताणून ‘टक्’ आवाज करतो आणि काही महिन्यांत आतून फुटतो. पोट वाचवायला केलेल्या कामाने चाकाची पकड घालवली, असं होतं. म्हणून भाराला योग्य स्प्रिंग आणि तिच्याच मापाचा थोडा लांब शॉकअप एकत्र घ्या, शक्यतो एकाच कंपनीचा संच. पैसे कमी असतील तर थांबा. अर्धा संच आज आणि अर्धा पुढच्या हंगामात, असं करू नका.

गाडीप्रमाणे काय पाहाल

नवी थार, ऑक्टोबर २०२० पासूनची: पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड अॅक्सलवर कॉइल स्प्रिंग. पुढच्या स्पेसरच्या जाडीने फसू नका. इथे स्प्रिंग चाकापासून आत, आर्मवर बसते, त्यामुळे वर २० मिलिमीटरची चकती ठेवली तर चाकापाशी दीड ते दोन पट उंची वाढते. सांगितलेला आकडा चकतीचा की चाकापाशी मिळणाऱ्या उंचीचा, हे विचारूनच घ्या. उंची वाढली की वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि पुढच्या अॅक्सल शाफ्टचे सांधे तिरपे होतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. दीड इंचापर्यंत हे सांभाळता येतं. पुढे गेलात तर नवे वरचे आर्म लागतात.

जिम्नी, जून २०२३ पासूनची: दोन्हीकडे अखंड अॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. गाडी उचलली की पुढचा अॅक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर कोन कमी होतो. मग सरळ सडकेवर स्टेअरिंग हलकं, भरकटल्यासारखं वाटतं. यासाठी कॅस्टर सुधारणारे बुश मिळतात, ते संचातच मागा. अॅक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉडही उंचीबरोबर अॅक्सलला थोडा बाजूला ढकलतो. दीड इंचाला ते सहसा चालून जातं. त्याहून जास्त उंचीला लांबी बदलता येणारा रॉड लागतो.

जुनी जीप, जिप्सी आणि पाट्यांच्या गाड्या: इथे सर्वांत जास्त जुगाड चालतो. जुने पाटे ठोकून कमान वाढवली तर ते थोड्याच दिवसांत पुन्हा बसतात, कारण पोलादाला हवी तशी उष्णतेची प्रक्रिया मिळालेली नसते. पाटा आणि अॅक्सल यांच्यात लोखंडी ठोकळा घालण्याची पद्धत पुढच्या अॅक्सलला कधीही वापरू नका. जोरात ब्रेक मारल्यावर ठोकळा सरकला तर स्टेअरिंग हातातून जातं. नवे, भाराप्रमाणे बनवलेले पाटे घ्या. यू-बोल्टही नवेच घ्या, एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो.

पुढे टॉर्शन बार असलेली जुनी थार: बोल्ट आवळून नाक वर करता येतं आणि ते स्वस्तही पडतं. पण त्याने बार मजबूत होत नाही, चाकाचं खाली लटकणं तेवढं कमी होतं. बसलेलं नाक मूळ उंचीला आणण्यापुरताच हा उपाय ठेवा.

लिफ्ट जे करणार नाही

कन्हार मातीच्या चिखलात अडकलेली गाडी उंचीने निघत नाही. ती माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे हवा कामी येते. ३२ पौंडांची हवा १८-२० पर्यंत उतरवली की टायर जमिनीवर पसरतो आणि पकड मिळते. सिहार मातीच्या रेताड वाटेलाही हेच लागू. सडकेवर येताच हवा परत भरा, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवा. किटच्या आधी हा पंप, चांगल्या खाचांचे टायर आणि ओढायचा मजबूत पट्टा घ्या. कित्येकांचं काम तेवढ्यावरच भागतं.

वाहत्या पाण्याचं तर बोलूच नका. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेऊ शकतं. दीड इंच जास्त उंची तिथे कामी येत नाही. आणि उंच गाडी आहे म्हणून जंगलात वाट सोडायची परवानगी मिळत नाही. कोका अभयारण्य २०१३ मध्ये जाहीर झालं. तिथे आखलेल्या रस्त्याबाहेर चाक घालणं हा वन्यजीवांवरचा अन्याय आहे, आणि गुन्हाही.

कागद

ही बाजू टाळू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी केलेल्या गाडीत निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये मालकाने परवानगी नसलेला बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा बदलागणिक पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. थकलेली स्प्रिंग बदलून गाडी मूळ उंचीला आणणं ही दुरुस्ती आहे, उंची वाढवणं हा बदल आहे. म्हणून काम करण्याआधी भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. विमा कंपनीलाही कळवा, कारण न सांगितलेला बदल अपघातानंतर दावा अडवू शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर तेही तपासा. उत्तर नकारार्थी आलं तर थकलेल्या स्प्रिंगा आणि शॉकअप मूळ मापाचे नवे टाका. बसलेली जुनी गाडी एवढ्यानेच कधीकधी इंचभर वर येते, आणि तो इंच पूर्ण कायदेशीर असतो.

बसवण्याच्या दिवशी

गॅरेजला जाण्याआधी सपाट जागेवर प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. काम झाल्यावर तेच मोजा. चारही आकडे सांगितल्याप्रमाणे वाढले का, डावं-उजवं सारखं आहे का, पाहा. मग स्वतः उभं राहून या गोष्टी करून घ्या:

– सस्पेन्शनच्या बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना फक्त बसवावेत, शेवटचे आवळावेत गाडी चारही चाकांवर उभी असताना. नाहीतर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहून फाटतात.
– चाक पूर्ण खाली लटकवून ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची तार ताणली जात नाही ना, ते बघा.
– काही गाड्यांत मागच्या अॅक्सलला जोडलेली, भार ओळखून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारी कळ असते. मागची उंची वाढली की तिला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. ती नव्याने जुळवून घ्या.
– संगणकावर अलाइनमेंट करून आधीचा आणि नंतरचा कागद मागा.
– हेडलाइट खाली वळवा. एकेरी सडकेवर समोरून सायकलने येणाऱ्याचे डोळे दिपले, तर तो थेट नालीत जाईल.

पहिले दोनशे किलोमीटर सावकाश चालवा आणि सगळे नटबोल्ट, विशेषतः यू-बोल्ट, पुन्हा आवळून घ्या. हजार किलोमीटरला अलाइनमेंट परत तपासा, कारण नवी स्प्रिंग तोवर थोडी बसलेली असते. साठ-ऐंशीच्या वेगात गाडीखालून थरथर येत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस दाखवा.

हे सगळं झालं की पुन्हा एकदा गेरू कालवा. तेच भाग रंगवा, तोच भार भरा आणि त्याच पांदणीने, त्याच धुऱ्यावरून जाऊन या. परत येऊन अंगणात गाडीखाली झोपा. पोटाचा गेरू जसाच्या तसा असेल, आई पहिल्यासारखीच आधार न घेता गाडीत बसली असेल, तर तुमचा दीड इंच योग्य जागी लागला. त्याच्यावर अर्धा इंचही वाढवू नका.